आद्रियान सुतार, मुक्काम युट्रेख्ट

गेल्या हिवाळ्यात मी एक खूळ डोक्यात घेतलं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून डोळे शिणतात, तर संध्याकाळी हाताला काहीतरी काम द्यावं, म्हणून लाकडावर कोरीवकाम शिकायला जायला लागलो. दर मंगळवारी सात ते साडेनऊ. वर्गात आम्ही नऊ जण. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी एकेक लिंडनचा ठोकळा हातात दिला आणि वर चिकटवायला एक कागद. कागदावर व्हायकिंग पद्धतीची नक्षी होती. एक लांबलचक सर्प, स्वतःच्याच शेपटीत गुंतलेला, आणि त्याला घट्ट पकडून बसलेला चार पायांचा कुठला तरी प्राणी. कोण कोणाला गिळतंय हे शेवटपर्यंत कळत नाही!

दिसायला सोपं, पण करायला बसलं की घाम फुटतो. सर्पाचा एक वेटोळा वरून जातो, पुढचा खालून. जिथे वळण येतं तिथे लाकडाचे रेषे उलटे फिरतात आणि पटाशी सटकते. तिसऱ्या मंगळवारी माझी सटकली ती थेट डाव्या अंगठ्यात. घरी आल्यावर बायकोने पट्टी बांधली आणि हे खूळ अंगठ्यासकट टिकेल ना, असं विचारून घेतलं. अंगठा टिकला, खूळही टिकलं. सर्प मात्र अजून शेपटीपर्यंत पोचलेला नाही.

ही नक्षी आपल्याला नॉर्वेची वाटते, पण व्हायकिंग मंडळींचा आणि आपल्या या भागाचा संबंध जवळचा आहे. नॉर्वेत १९०४ साली ओसेबर्गला जमिनीतून एक आख्खं जहाज निघालं. सोबत कोरलेला गाडा, घसरगाड्या आणि प्राण्यांच्या मुंडक्यांचे खांब. लाकडाच्या वर्तुळांवरून आता नक्की ठरलंय की ते जहाज इ.स. ८३४ मध्ये पुरलं गेलं. आणि त्याच ८३४ साली व्हायकिंगांनी डोरेस्टाड पहिल्यांदा लुटलं. डोरेस्टाड म्हणजे आजचं वाइक बाय डूरस्टेडे, आपल्याच युट्रेख्ट प्रांतातलं. मुलांना घेऊन आपण सायकलवर जातो तेच. पुढे ८५७ च्या सुमारास युट्रेख्टचे बिशपच शहर सोडून पळाले, ते दहाव्या शतकात परतले. म्हणजे इथल्या लोकांनी ती ड्रॅगनची मुंडकी पाहिली ती कलाकृती म्हणून नव्हे, तर नदीच्या वळणावरून आपल्याकडे येताना!

हे सगळं वाचताना साहजिकच मनात आलं की परक्यांचं कोरीवकाम आपण शिकतोय, पण या गावाचा स्वतःचा कोणी होता की नाही? शिक्षकांना विचारलं. त्यांनी एकच नाव घेतलं, आद्रियान व्हान वेसेल. मी इथे इतकी वर्षं राहतो, पण हे नाव ऐकलं नव्हतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल. म्हणून हा लेख.

आद्रियानचा जन्म साधारण १४१७ चा. साधारण म्हणायचं कारण असं की त्या काळी सुताराच्या मुलाची जन्मनोंद कोण ठेवणार! आडनावावरून त्याचं घराणं ऱ्हाईनकाठच्या वेसेल गावाकडचं असावं. हे गाव आज जर्मनीत आहे. आपल्याकडे जसं नाशिककर, पंढरपूरकर, तसंच हे व्हान वेसेल. आणि आपल्याकडच्यासारखंच, ज्या गावाचं नाव लावायचं त्या गावात राहायचं नाही हेही आलंच. आद्रियानचं सगळं आयुष्य युट्रेख्टमध्ये गेलं. १४४७ च्या सुमारास त्याचं नाव इथल्या कागदपत्रांत दिसू लागतं, म्हणजे तेव्हा तो तिशीचा असणार.

त्या वेळचं युट्रेख्ट डोळ्यांसमोर आणायचं तर फार कष्ट नकोत. डोमचा मनोरा आज उभा आहे तिथेच होता, १३८२ मध्ये पूर्ण झालेला, ११२ मीटर उंच. ओल्ड ग्राख्टचा कालवा आणि पाण्यालगतची तळघरंही होती. आज ज्या तळघरांत आपण पॅनकेक खातो, तिथे तेव्हा मालाची साठवण होई. आजच्या नेदरलँड्सच्या उत्तर भागातलं हे सगळ्यात मोठं शहर होतं, वस्ती वीस हजारांच्या आसपास. शिवाय बिशपचं गाव. डोम धरून पाच मोठी देवस्थानं, त्यांचे अधिकारी, मठ, धर्मशाळा. प्रत्येकाला मूर्ती हव्यात, वेदी हव्यात, नक्षीच्या बैठका हव्यात. पंढरपुरात जसं माळ आणि बुक्का विकणाऱ्याचं पोट भरतं, तसं युट्रेख्टमध्ये मूर्तिकाराचं भरत असे.

पण मूर्तिकार म्हणून त्याला वेगळा मान होता असं मात्र नाही. त्या काळी प्रत्येक धंद्याचा एक संघ असे, त्याला गिल्ड म्हणत. संघात नाव नसेल तर गावात धंदा करता येत नसे. युट्रेख्टमध्ये चित्रकार आणि मूर्तिकार यांचा स्वतंत्र संघ नव्हता. ते खोगीर बनवणाऱ्यांच्या संघात मोडत! खोगिराचा सांगाडा लाकडाचा, वर रंगकाम, म्हणून ही सोयरीक. चित्रकारांचा वेगळा संघ १६११ मध्ये झाला, म्हणजे आद्रियान जाऊन शतक उलटून गेल्यावर. आद्रियान जन्मभर कागदोपत्री खोगीरवाल्यांपैकीच राहिला. माझ्या कंपनीच्या आयडी कार्डावर जे पद लिहिलंय त्याचा आणि मी करतो त्या कामाचा जेवढा संबंध, तेवढाच!

आता कामाबद्दल. दक्षिण जर्मनीत कारागीर लिंडन वापरत. ते मऊ, लोण्यासारखं कापलं जातं. नेदरलँड्समध्ये मात्र ओक. ओक टणक, रेषा जाड, चुकलात तर माफी नाही. चांगला ओक जवळपास मिळत नसे, तो बाल्टिक समुद्राच्या पलीकडून जहाजांनी येई. थंडीमुळे तिकडची झाडं सावकाश वाढतात, त्यामुळे लाकडाची वर्तुळं बारीक आणि सारखी. त्या काळच्या वेदींच्या लाकडाची वर्तुळं मोजून हे आज सिद्धही झालंय. खोड करवतीने कापण्याऐवजी रेषेप्रमाणे उभं फाडत, म्हणजे फळी वाकत नाही. मूर्तीची मागची बाजू पोखरून पोकळ करत, नाहीतर लाकूड सुकताना बाहेरून आक्रसतं, आतून आक्रसत नाही, आणि देवाच्या नाकावरून चीर जाते. समोरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. मूर्ती वेदीच्या पेटीत बसली की पाठ भिंतीकडे.

वेदी म्हणजे काय हेही सांगायला हवं. चर्चमध्ये पूजेच्या ओट्यामागे लाकडाची मोठी पेटी उभी करत. तिचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक प्रसंग. मेरीचा जन्म, येशूचा जन्म, तीन राजांचं आगमन. दोन्ही बाजूंना दारं, दारांवर चित्रं. रोज दारं बंद आणि सणाला उघडायची. आपल्या देव्हाऱ्याला दारं असतात तशीच, फक्त पुरुषभर उंच.

आद्रियानचा हात या छोट्या प्रसंगांत बसलेला होता. दीड फुटाच्या ठोकळ्यात तो सात-आठ माणसं उभी करायचा, आणि ती नुसती ओळीने उभी नसत. एक वाकून बघतोय, एकाने मान वळवलीय, मागचा पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतोय. लग्नाच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफर सगळ्यांना सरळ बघायला सांगतो. आद्रियानने बहुधा त्याच्या आधीच्या क्षणाचा फोटो काढलाय.

त्याच्या आयुष्यातलं मोठं काम आलं तेव्हा तो साठीच्या जवळ होता. १४७५ साल. काम होतं देन बॉस शहराचं. आज इंटरसिटीने अर्ध्या तासावर, तेव्हा मोठ्या नद्या ओलांडून जायचं. तिथे मेरीमातेच्या नावाने एक मंडळ होतं, १३१८ मध्ये स्थापन झालेलं. या मंडळाची वार्षिक पंगत प्रसिद्ध होती. पंगतीत राजहंस शिजवत, म्हणून सभासदांना हंसबंधू म्हणत. गावच्या सेंट जान चर्चमध्ये मंडळाची स्वतःची पूजेची जागा होती. तिथे नवी वेदी हवी असं कार्यकारिणीत ठरलं.

आपण मंडळवाले असल्यामुळे पुढचं चित्र मला अगदी स्पष्ट दिसतं. काम कोणाला द्यायचं? गावात कोणी नाही का? बाहेरच्याला दिलं तर सभासद काय म्हणतील? कार्यकारिणीने मग गावातल्या एका चित्रकाराला बोलावून त्याच्याशी आणि त्याच्या मुलांशी मसलत केली. त्याचं नाव आंतोनियुस व्हान आकेन. शेवटी काम युट्रेख्टच्या आद्रियानला मिळालं. दोन वर्षांत, १४७७ मध्ये, वेदी तयार झाली.

हे सगळं आपल्याला कसं कळलं? कोणी चरित्र लिहिलं म्हणून नव्हे. आद्रियान आपल्या कामावर सही करत नसे. कळलं ते मंडळाच्या खजिनदारामुळे. कोणाला किती दिले, कशासाठी दिले, हे दरवर्षी वहीत उतरत गेलं आणि त्या वह्या राहिल्या. विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्या वाचल्या, वहीतलं काम आणि वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले लाकडाचे तुकडे यांची गाठ घातली, आणि पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला नाव मिळालं. आपल्या मंडळाच्या खजिनदाराला आपण दरवर्षी पावत्यांवरून किती छळतो! यापुढे जरा आदराने वागू या.

ज्याच्याशी मसलत झाली त्या आंतोनियुसचा एक मुलगा तेव्हा पंचविशीच्या आसपास होता. पुढे त्याने आपल्या गावाचं नाव लावलं आणि त्या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. तो म्हणजे हीरोनिमस बॉश, राक्षस, पक्षी आणि माणसं यांची विलक्षण सरमिसळ रंगवणारा. १४८६-८७ मध्ये तोही त्या मंडळाचा सभासद झाला. बॉशची संत योहानांवरची दोन चित्रं आज एक बर्लिनमध्ये आणि एक माद्रिदमध्ये आहे. ती मुळात आद्रियानच्या वेदीची दारं होती असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. पुढे १५०८-०९ मध्ये वेदीला सोनं आणि रंग द्यायचा विषय निघाला तेव्हा मंडळाने बॉशचाच सल्ला घेतला. म्हणजे एकेकाळी दारं उघडली की आत युट्रेख्टचा आद्रियान आणि दारांवर देन बॉसचा बॉश. एकाचं नाव आज टी-शर्टवर छापतात, दुसऱ्याचं नाव त्याच्या गावातही विचारून कळतं.

देन बॉसनंतर आद्रियान थांबला नाही. डेल्फ्टच्या न्यू केर्कसाठी त्याने वेदी केली, झ्वोलेजवळच्या आग्निटेनबर्ग मठासाठी केली. आणि हे सगळं शांततेत चाललं होतं असंही नाही. १४८१ ते १४८३ या काळात युट्रेख्टमध्ये यादवी माजली होती. शहराने आपल्याच बिशपविरुद्ध, बर्गंडीच्या डेव्हिडविरुद्ध, बंड केलं. १४८३ च्या उन्हाळ्यात माक्सिमिलियनच्या सैन्याने शहराला वेढा दिला आणि शेवटी शहर शरण गेलं. आद्रियान तेव्हा पासष्टीचा होता. या वयात शहराच्या वेशीवर तोफा आणि हातात पटाशी. १४९० च्या सुमारास त्याचं नाव कागदांतून नाहीसं होतं. तिथेच त्याचा शेवट झाला असं धरतात.

चरित्र इथे संपायला हवं, पण कारागिराचं आयुष्य त्याच्या कामात पुढे चालू राहतं. आणि आद्रियानच्या कामाचं जे झालं ते त्याच्या आयुष्याहून जास्त वाईट झालं.

१५६६ मध्ये नेदरलँड्सभर मूर्तिभंजनाची लाट आली. नव्या पंथाच्या लोकांना मूर्ती म्हणजे पाप वाटत होतं. युट्रेख्टमध्ये १५८० मध्ये पुन्हा तेच झालं आणि कॅथलिकांच्या उघड पूजेवर बंदी आली. ज्या गावाने मूर्तींवर शतकभर पोट भरलं, त्याच गावाने त्या फोडल्या, जाळल्या. डोम चर्चमध्ये आजही एक दगडी वेदी पाहायला मिळते. बाकी अंग शाबूत, चेहरे तेवढे छिन्नीने तासून काढलेले. गंमत अशी की ती कोणीतरी भिंतीआड बंद केली होती, म्हणून एवढी तरी वाचली. ती १९१९ मध्ये सापडली. दगडाचं हे, तर लाकडाचं काय! युट्रेख्टच्या चर्चसाठी, डेल्फ्टसाठी, आग्निटेनबर्गसाठी आद्रियानने जे केलं त्याच्या नोंदी आहेत, लाकूड नाही.

देन बॉस १६२९ मध्ये फ्रेडरिक हेन्द्रिकने जिंकलं आणि सेंट जान चर्च प्रोटेस्टंटांकडे गेलं. वेदी सुटी झाली, तुकडे पांगले. पण मंडळ मोडलं नाही. १६४२ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंटांनाही सभासद करून घेतलं. एकमेकांच्या मूर्ती फोडणारे लोक एका पंगतीला बसू लागले! हे मंडळ आजही चालू आहे. आणि त्यांनी आद्रियानचे दोन तुकडे आपल्याजवळ सांभाळून ठेवले. एकात पाटमोस बेटावरचे संत योहान, दुसऱ्यात सम्राट ऑगस्टस आणि भविष्य सांगणारी सिबिल. देन बॉसच्या हिंथामरस्ट्राटवर त्यांच्या वास्तूत ते आहेत. वेदीचे आणखी काही तुकडे फिरत फिरत ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पोचले. तिथेच १९८०-८१ मध्ये आद्रियानवर खास प्रदर्शन भरलं. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पाचशे वर्षांनी!

वसंतात आम्ही सगळे मुद्दाम राइक्सम्युझियमला गेलो. तिथे एक छोटा तुकडा आहे, मूळ येशूजन्माच्या प्रसंगातला. देवदूत वाद्यं वाजवतायत आणि बाजूला जोसेफ आहे. जोसेफ, म्हणजे तोही सुतारच. दुसऱ्या तुकड्यात तीन राजे वाटेत एकमेकांना भेटतायत. तीन दिशांनी निघालेली तीन माणसं एका चौकात येतात आणि आपण सगळे एकाच ठिकाणी चाललोय हे तिथे त्यांना कळतं. परदेशातल्या दुकानात मराठी ऐकू आलं की आपण वळून बघतो, तसंच. माझी सात वर्षांची मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं की देवदूतांचं गाणं बंद का पडलंय. मी सांगितलं की उरलेली माणसं हरवली म्हणून.

मी मात्र वाकून मागची बाजू दिसते का ते बघत होतो. आणि तेव्हा मला आजोबा आठवले.

आमचं घराणं राजापूरकडचं, सुतारांचं. आजोबा देव्हारे करायचे, दाराच्या चौकटी करायचे आणि चौकटीवरच्या गणेशपट्ट्या कोरायचे. सागावर आणि फणसावर. पटाशीला धार लावताना ते माझ्याशी बोलत नसत, मीही कधी काही विचारलं नाही. मी इंजिनीअर व्हावं हे घरात ठरलेलं होतं आणि पटाशीला हात लावला की आजी ओरडायची. वडील बँकेत लागले, मी कॉम्प्युटरमध्ये आलो. आजोबा गेले तेव्हा त्यांची हत्यारं कोणी नेली हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

राइक्सम्युझियममधून आल्यावर मी बाबांना फोन केला. आजोबांनी केलेल्या गणेशपट्ट्या कुठे कुठे आहेत असं विचारलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक घर आठवू लागले. एका घराची पडझड झाली. एक पाडून तिथे स्लॅबची इमारत आली, पट्टी जुना बाजारवाल्याने नेली, आता ती कुठल्यातरी हॉटेलात शोभेला असेल. एक देव्हारा शेजारच्या वाडीत आहे. आमच्या स्वतःच्या जुन्या घराची पट्टी अजून जागेवर आहे, पण घर विकायचं घाटतंय. हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं, कुठेही लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे ना मंडळ, ना खजिनदार, ना वही.

बाबांचं वय आता ७४. पुढच्या रविवारी आम्ही फोनवर बसलो आणि एक एक्सेल शीट केली. गाव, घर, काय केलं, साधारण कोणत्या साली, आज काय स्थिती. एकूण ३१ नोंदी झाल्या. त्यातल्या १२ समोर बाबांनी नाही असं सांगितलं. चुलतभावाने जाऊन आमच्या दारावरच्या पट्टीचे फोटो पाठवले. मी त्याला पट्टी उतरवून मागच्या बाजूचाही फोटो काढायला सांगितलं. त्याला वाटलं, हॉलंडमध्ये राहून माझं डोकं फिरलंय. पण त्याने काढला. मागे सही नव्हती, तारीख नव्हती. फक्त पटाशीचे ओळीने ओढलेले घाव होते, सारख्या अंतरावर, अगदी शांत हाताचे.

या दिवाळीला देशी जाल तेव्हा घरातला देव्हारा, पाट, चौरंग, माजघराची चौकट, जे काही जुनं उरलं असेल ते कोणी केलं एवढं वडीलधाऱ्यांना विचारून या आणि कुठेतरी लिहून ठेवा. वही चालेल, एक्सेल चालेल. आणि युट्रेख्टला आलात तर आमच्याकडे चहाला या. सर्प तोवर पुरा झाला असेल तर दाखवीन. त्याच्या पाठीमागे मी माझं नाव आणि साल घालणार आहे. आजोबांचंही घालणार आहे.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!